मणका फुटलेला दिसतो, पण त्याला बांधणारं लिगामेंट तुटलंय का? सोनोग्राफी काय सांगू शकते आणि काय नाही?

समजा, मे महिन्याचे दिवस आहेत. कोकणातल्या एका बागेत आंबे उतरवणारा गडी फांदी मोडून पंधरा फुटांवरून खाली येतो आणि बुडावर आपटतो. पाठीत जोराची कळ येते, पण तो शुद्धीवर आहे. पायांची बोटं हलतायत, लघवीही होतेय. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे निघतो. छाती संपून कंबर सुरू होते, तिथला एक मणका फुटलेला दिसतो.

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, ऑपरेशन लागेल का?"

एक डॉक्टर म्हणतील, बेल्ट लावू, विश्रांती घ्या, हाड भरून येईल. दुसरे म्हणतील, मोठ्या रुग्णालयात न्या, स्क्रू आणि रॉड टाकावे लागतील. एक्स-रेवर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन रुग्णांना असे दोन वेगळे सल्ले मिळू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. कारण हा निर्णय एकट्या हाडावर होत नाही. हाडांना एकत्र बांधून ठेवणारी लिगामेंट्स शाबूत आहेत का, यावरही तो ठरतो. आणि लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही.

ते पाहायला सगळ्यात चांगली तपासणी म्हणजे एमआरआय. पण एमआरआय प्रत्येक ठिकाणी नसतो आणि प्रत्येक रुग्णाचा करताही येत नाही. मग पोटाची तपासणी करणारं सोनोग्राफीचं मशीन इथे कामाला येईल का? जगभरातले डॉक्टर गेली वीसेक वर्षं हे तपासून पाहतायत.

आधी लिगामेंट म्हणजे काय ते पाहू

आपल्या पाठीच्या कण्यात साधारण ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५ आणि खाली एकमेकांना जुळून गेलेले माकडहाडाकडचे. एकावर एक रचलेल्या या मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. मेंदू आणि हातपाय यांच्यातला सगळा निरोप याच वाटेने जातो.

हे मणके नुसते रचलेले नसतात. त्यांना पुढून, मागून आणि मधून चिवट तंतूंचे पट्टे बांधून ठेवतात. हेच लिगामेंट. मराठीत त्याला अस्थिबंध म्हणतात.

मांडव डोळ्यासमोर आणा. खांब म्हणजे हाडं आणि ताणून बांधलेले दोर म्हणजे लिगामेंट्स. एखादा खांब थोडा वाकला, पण दोर घट्ट असले तर मांडव उभा राहतो. दोरच तुटले असतील तर खांब कितीही सरळ दिसोत, वाऱ्याच्या पहिल्या झोताला मांडव कलतो.

कण्याच्या मागच्या बाजूला असे चार दोर महत्त्वाचे. पाठीवरून बोट फिरवलं की मणक्यांची जी टोकं लागतात, त्यांच्यावरून जाणारा सुप्रास्पायनस पट्टा, दोन टोकांच्या मधला इंटरस्पायनस पट्टा, त्याच्या आत असलेला पिवळसर आणि लवचिक लिगामेंटम फ्लेवम, आणि मणक्यांच्या छोट्या सांध्यांवरची आवरणं. या चौघांना मिळून डॉक्टर 'पोस्टेरिअर लिगामेंटस कॉम्प्लेक्स' किंवा थोडक्यात पीएलसी म्हणतात. आपण पुढे वाकतो तेव्हा कण्याला मागून धरून ठेवायचं काम यांचं.

हे तुटलं तर एवढं काय बिघडतं?

हाड जुळून येतं. पूर्ण तुटलेला हा मागचा बंध मात्र पुन्हा पूर्वीसारखा घट्ट होईल, याचा भरवसा नसतो. मग रुग्ण उठून बसायला लागला की कणा हळूहळू पुढे झुकू शकतो, कुबड येऊ शकतं, दुखणं मागे लागतं. मणका जागेवरून सरकला तर मज्जारज्जूवर दाब येण्याचीही भीती असते. अपघाताच्या दिवशी पाय हलत होते आणि नंतर हलेनासे झाले, असं कुणाच्याही बाबतीत होऊ नये यासाठीच ही सगळी धडपड.

लिगामेंटचं वजन किती, हे एका गुणपद्धतीवरून नीट कळतं. २००५ मध्ये कण्याच्या सर्जन्सनी 'टीएलआयसीएस' नावाची पद्धत मांडली. तिच्यात तीन गोष्टींना गुण देतात: हाड कसं मोडलंय, नसांना इजा आहे का, आणि पीएलसी शाबूत आहे का. बेरीज ३ किंवा कमी आली तर सहसा ऑपरेशनशिवाय उपचार. ५ किंवा जास्त आली तर सहसा ऑपरेशन. ४ आली तर दोन्ही पर्याय खुले.

आता बागेतल्या त्या गड्याकडे परत येऊ. मणका फुटलाय, त्याचे २ गुण. नसा ठीक आहेत, त्याचे ० गुण. राहिला पीएलसी.

पीएलसी शाबूत असेल तर ० गुण. बेरीज २, म्हणजे बेल्ट आणि विश्रांती.

पीएलसीबद्दल शंका असेल तर २ गुण. बेरीज ४, म्हणजे निर्णय अधांतरी.

पीएलसी नक्की तुटला असेल तर ३ गुण. बेरीज ५, म्हणजे ऑपरेशनकडे कल.

माणूस तोच, फुटलेला मणका तोच. फक्त लिगामेंटचं उत्तर बदललं आणि उपचाराची दिशा बदलली. डॉक्टर पुढे वय, हाडांची ताकद, इतर आजार असं बरंच काही पाहतात. पण लिगामेंटचा प्रश्न सुटल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

मग एक्स-रे आणि सीटी स्कॅन कशासाठी?

हाडांसाठी. सीटी स्कॅनमध्ये मणक्याचा बारीकसा तडाही दिसतो. लिगामेंटबद्दल मात्र एक्स-रे आणि सीटी बहुतेक वेळा आडून सांगतात. दोन मणक्यांच्या मागच्या टोकांमधलं अंतर शेजारच्यांपेक्षा जास्त दिसलं किंवा मागचे छोटे सांधे उघडलेले दिसले, तर मधला बंध तुटला असावा असा अंदाज बांधता येतो.

अडचण अशी की रुग्ण तपासणीच्या वेळी उताणा झोपलेला असतो. झोपल्यावर कण्यावरचा भार जातो, फाकलेले मणके जवळ येऊ शकतात आणि फोटो बऱ्यापैकी चांगला दिसतो.

एमआरआय मात्र मऊ भाग थेट दाखवतो. तुटलेल्या लिगामेंटभोवतीची सूज आणि रक्त त्यात पांढरं चमकतं, शिवाय मज्जारज्जू आणि मणक्यांमधली गादीही दिसते. म्हणून पीएलसीसाठी डॉक्टरांचा भरवसा एमआरआयवर असतो.

पण एमआरआयला वेळ लागतो, खर्च येतो आणि रुग्णाला त्या बोगद्यात निपचित पडून राहावं लागतं. व्हेंटिलेटरवरच्या किंवा रक्तदाब सारखा घसरणाऱ्या रुग्णाला तिथे नेणं धोक्याचं असतं. शरीरात जुन्या बनावटीचा पेसमेकर किंवा डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर एमआरआय करता येत नाही. आणि लहान गावात मशीनच नसेल तर पुढचं सगळं बोलणंच खुंटतं.

सोनोग्राफी इथे कशी शिरली?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गरोदरपण आठवतं. पण तिच्या इतिहासात लोखंडही आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शरीरातून काढलेल्या गाठी एका बॉयलर कंपनीत नेल्या आणि धातूतले तडे शोधणाऱ्या ध्वनियंत्राने तपासून पाहिल्या. १९५८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पोटातल्या गाठींवरचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे हे तंत्र जगभर पसरलं.

तत्त्व साधं आहे. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीचा प्रोब त्याच्या कितीतरी पट जास्त, म्हणजे लाखो हर्ट्झच्या लहरी शरीरात सोडतो. वेगवेगळ्या थरांवर आपटून त्या परत येतात आणि यंत्र त्या प्रतिध्वनींचं चित्र बनवतं. लहरींची वारंवारता जेवढी जास्त, तेवढं चित्र बारीक, पण तेवढीच ती उथळ जाते.

पाठीच्या बाबतीत हेच पथ्यावर पडतं. सुप्रास्पायनस पट्टा कातडी आणि चरबीच्या लगेच खाली असतो. वर हाड आडवं येत नाही. त्यामुळे जास्त वारंवारतेचा सपाट प्रोब पाठीच्या मधोमध उभा धरला की तो पट्टा दिसू शकतो.

शाबूत पट्टा मणक्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाणाऱ्या उजळ, सलग, रेघारेघांच्या पट्टीसारखा दिसतो. तुटलेला असेल तर ती रेघ मध्येच खंडित होते, तिथे रक्त साठल्याचा काळपट डाग दिसू शकतो, किंवा दोन टोकांमधला भाग विस्कटलेला दिसतो. डॉक्टर वरच्या आणि खालच्या न दुखावलेल्या मणक्यांशी तुलना करतात. म्हणजे रुग्णाचीच पाठ मोजपट्टी म्हणून वापरतात.

हे खरंच जमतं का?

२००२ मध्ये दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी 'स्पाइन' या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. छाती आणि कमरेच्या सांध्यावरचे मणके मोडलेल्या रुग्णांच्या पीएलसीची त्यांनी सोनोग्राफी केली आणि हे शक्य आहे का ते पाहिलं. २००९ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी 'युरोपियन स्पाइन जर्नल'मध्ये पुढचा प्रश्न विचारला: फुटलेल्या मणक्याचा कणा अस्थिर आहे का, हे सोनोग्राफीवरून ओळखता येईल का?

अशा अभ्यासांचा सूर आशादायक आहे. मागचे वरवरचे पट्टे अनुभवी हाताला दिसतात आणि एमआरआय करता येत नसेल तिथे या तपासणीची मदत होऊ शकते. पण यातले अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत आणि तपासणी करणारे डॉक्टर या कामात मुरलेले होते. म्हणून सोनोग्राफी आज पूरक तपासणीच्या जागी आहे. कण्याच्या इजेसाठी सीटी आणि एमआरआयची जागा तिने घेतलेली नाही.

कुठे फसगत होते?

पहिली अडचण हाडाची. ध्वनिलहरी हाडापलीकडे नीट जात नाहीत. त्यामुळे कण्याच्या पुढच्या बाजूचे पट्टे आणि मणक्यांमधली गादी मागून धड दिसत नाहीत. मोठ्या माणसाच्या मज्जारज्जूचंही तेच. मागचा वरचा पट्टा शाबूत दिसला, पण आतला लिगामेंटम फ्लेवम फाटलेला असला तर?

दुसरी अडचण हाताची. प्रोब थोडा तिरका झाला तरी चांगलं लिगामेंट काळं दिसू शकतं आणि तुटल्याचा भास होतो. कमरेच्या अगदी तळाशी सुप्रास्पायनस पट्टा मुळातच संपत आलेला असतो. हे माहीत नसेल तर निसर्गतः नसलेला पट्टा 'तुटलेला' म्हणून नोंदवला जाईल.

तिसरी अडचण रुग्णाला वळवण्याची. पाठ दिसायची तर त्याला पालथं किंवा कुशीवर करावं लागतं. कणा अस्थिर असेल तर ते एकट्यादुकट्याचं काम नाही. डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून चार-पाच जण त्याला ओंडक्यासारखं एकत्र वळवतात. नाहीतर इजा तपासायला जाऊन ती वाढायची.

या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघते. सोनोग्राफीत लिगामेंट तुटलेलं स्पष्ट दिसलं तर ती मोलाची माहिती आहे. रुग्णाला बसवू नका, पुढच्या केंद्रात हलवा, असा निर्णय लवकर घेता येतो. पण सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणजे कणा सुरक्षित आहे, असा अर्थ निघत नाही. तिच्या 'हो'ला वजन आहे. तिच्या 'नाही'वर विसंबून कुणाला उठवून चालायला लावता येत नाही.

मग हे यंत्र गावोगाव का नाही?

मोबाइलला जोडता येतील एवढे छोटे प्रोब आज बाजारात आहेत. मग ते ॲम्ब्युलन्समध्ये का दिसत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. भारतात याचं उत्तर कायद्यातही आहे.

गर्भलिंग तपासणीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. देशपातळीवरचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा. त्यानुसार सोनोग्राफी यंत्राची आणि केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. २०१२ च्या नियमदुरुस्तीने हलवता येणाऱ्या यंत्रांवरही बंधनं घातली. ती मुख्यतः नोंदणी झालेल्या जागेतल्या दाखल रुग्णांसाठी किंवा अनेक आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतात.

हे बंधन उगाच आलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १,००० मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या. पण यंत्र एकच असल्यामुळे पोटातल्या मुलीला वाचवणाऱ्या नियमाची झळ अपघातग्रस्तांच्या तपासणीलाही बसते. खिशात मावणारा प्रोब घेऊन कुणी अपघाताच्या जागी पाठ तपासतोय, हे चित्र इथे सहज शक्य नाही. व्यवहारात ही तपासणी रुग्णालयातच होणार.

पडल्यावर प्रत्येकालाच स्कॅन लागतो का?

नाही. मानेसाठी डॉक्टर काही ठरलेले प्रश्न वापरतात. त्यातली 'नेक्सस' ही पद्धत अमेरिकेत ३४,०६९ रुग्णांवर तपासून २००० मध्ये प्रसिद्ध झाली. मानेच्या मागे मधोमध दाबल्यावर दुखत नाही, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा नाही, रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे, नशेत नाही आणि लक्ष दुसरीकडे वेधणारी मोठी वेदनादायक इजा नाही, ही पाचही उत्तरं समाधानकारक असतील तर मानेचा फोटो सहसा लागत नाही. त्या अभ्यासात मानेची इजा झालेल्या ८१८ जणांपैकी फक्त ८ जण या चाळणीतून निसटले.

ही चाळणी डॉक्टरांसाठी आहे, घरी वापरायची नाही. पण ती एक गोष्ट शिकवते: दारू प्यायलेल्या किंवा पाय मोडून कळवळणाऱ्या माणसाच्या "मान ठीक आहे" या शब्दावर डॉक्टरही विसंबत नाहीत.

तुमच्यासमोर कुणी पडलं तर?

झाडावरून, गच्चीवरून, जिन्यावरून किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून लगेच उठवून बसवू नका. "बस जरा, पाणी पी" ही आपली सवय अशा वेळी महागात पडू शकते. जागेला आग, पाणी किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर त्याला आहे तसाच राहू द्या. डोकं आणि मान हलू देऊ नका, श्वास नीट चालू आहे ना ते पाहा आणि १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर जास्त माणसं घ्या आणि डोक्यापासून कंबरेपर्यंत एक रेषा ठेवा. रिक्षात दुमडून बसवण्यापेक्षा सपाट फळी बरी.

उंचावरून टाचांवर पडलेला माणूस टाच दुखतेय एवढंच सांगत असला, तरी पाठीचीही तपासणी करून घ्या. टाचेला बसलेला धक्का पायातून वर कण्यापर्यंत पोचतो आणि टाचेच्या वेदनेपुढे पाठीकडे लक्ष जात नाही.

दवाखान्यात मणका मोडल्याचं कळलं तर डॉक्टरांना तीन प्रश्न शांतपणे विचारता येतात. मागचं लिगामेंट शाबूत आहे असं तुम्हाला कशावरून वाटतं? एमआरआयची गरज आहे का, आणि शक्य नसेल तर दुसरा मार्ग काय? उत्तर मिळेपर्यंत रुग्णाला बसवायचं की आडवंच ठेवायचं?

घरी पाठवल्यानंतरही पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेभोवती संवेदना कमी वाटली, किंवा बसल्यावर पाठीचं दुखणं एकदम वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि बागेतल्या त्या गड्याचं काय? तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी करणारे जाणकार डॉक्टर असतील आणि त्यांना मागचा पट्टा तुटलेला दिसला, तर त्याला आडवं ठेवूनच मोठ्या रुग्णालयात हलवायचं हे लवकर ठरेल. पट्टा शाबूत दिसला तरी सीटी, आणि शंका उरली तर एमआरआय, होईपर्यंत तो आडवाच राहील. घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यानंतरच देता येईल.